काचेचं कौल

दुपारी दोनच्या सुमाराला आमच्या स्वयंपाकघरात ऊन उतरायचं. दारातून नव्हे, आणि खिडकी म्हणावी अशी तिथे नव्हतीच; होता तो गजांचा एक झरोका, तोही बाहेरच्या फणसाच्या सावलीत बुडालेला. ऊन यायचं थेट छपरातून, मंगलोरी कौलांच्या रांगेत मध्येच बसवलेल्या एकुलत्या एका काचेच्या कौलातून, आणि चुलीच्या धुरात शिरलं की त्याला अंग यायचं. ओल्या लाकडांच्या त्या निळसर धुरात उन्हाचा तिरपा खांब असा उभा राहायचा, की त्याला मिठी मारून आढ्यापर्यंत चढता येईल का, याचा विचार करत मी लहानपणी कितीतरी दुपारी भिंतीला टेकून बसलेली असे. खांबात धुळीचे कण वरखाली करत. आणि खाली, सारवलेल्या जमिनीवर, कवडसा पडे.

कवडसा. तोंडातल्या तोंडात म्हटला तरी ऊब देणारा शब्द.

आजीचं घड्याळ म्हणजे हा कवडसा. तो पाटांच्या रांगेपाशी असला की तिची भांडी आवरायची वेळ, आणि जात्याच्या खुंट्याला टेकला की चहाचं आधण ठेवायची. आभाळ भरून आलं की तिचा दिवस थोडा हरवल्यासारखा होई. मग ती उगाचच दोनदा वर बघे, काचेच्या कौलाकडे, जणू कुणी यायचं होतं आणि एसटी चुकली.

1995च्या दिवाळीत सूर्यग्रहण आलं. उत्तरेकडे ते खग्रास दिसणार होतं, आमच्या राजापूर तालुक्यात मात्र खंडग्रास. आजीनं दुधा-तुपात तुळशीची पानं टाकली, चूल थंड ठेवली आणि आम्हा पोरांना घरात कोंडलं. त्या सकाळी ओटीवरच्या भिंतीवर, कौलांच्या बारक्या फटींतून येणारे एरवीचे गोल कवडसे हळूहळू कुरतडले गेले. पाहता पाहता साऱ्या भिंतीवर चंद्रकोरी. किती तरी, लहान-लहान, सगळ्या एकाच बाजूला कललेल्या. आजी आमच्यामागे येऊन उभी राहिली आणि काहीच बोलली नाही. बऱ्याच वर्षांनी मला कळलं, की बारीक फटीतून येणारा कवडसा हे सूर्याचं चित्रच असतं. फट वाकडी असो की तिकोनी, चित्र सूर्याचंच. अंधारी खोली, तिला एक भोक, समोर भिंत. कॅमेरा या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थही खोली असाच आहे. म्हणजे आम्ही त्या दिवशी एका मोठ्या कॅमेऱ्याच्या पोटात उभे होतो. ते चित्र साठवायला मात्र कुणी नव्हतं.

साठवायचं साधन माझ्या हातात आलं ते 2008च्या मे महिन्यात. पगारातून घेतलेला पहिला डिजिटल कॅमेरा, चंदेरी, साबणाच्या वडीएवढा, आणि त्यात दोन जीबीचं कार्ड. नखानं दाबलं की ते ‘टिक्’ करून आत बसे, पुन्हा दाबलं की ‘टिक्’ करून थोडं बाहेर डोकावे. त्या सुट्टीत मी घराचे सहाशेच्या वर फोटो काढले. पडवी, माळा, विहिरीचा रहाट, कोनाड्यातली चिमणी, भिंतीवरचे आजोबांचे हिशेब. हललेला एखादा फोटो आला, की तिथल्या तिथे पुसून टाकायची. रोल संपण्याची भीती गेलेली. पुसण्याची चैन नवी होती. निघायच्या दिवशी दुपारी शेवटचा फोटो काढला तो आजीचा, स्वयंपाकघरात, कवडसा आलेला असताना. “पुरे गो बाय,” ती म्हणाली, “किती काढशील?”

श्रावणात आजी गेली.

डिसेंबरात चुलतबहिणीचं लग्न होतं. मंगलाष्टकांच्या ऐन गर्दीत कॅमेऱ्यानं कार्ड भरल्याचं सांगितलं, आणि मेमधले फोटो आपण संगणकावर उतरवून घेतलेले आहेत अशा भाबड्या खात्रीनं मी, एका हातात अक्षता आणि एका हातात कॅमेरा अशी, अंगठ्यानं बटण दाबलं. फॉरमॅट. खरं सांगते, तीन सेकंदही लागले नाहीत. पुढे चाळीस-एक फोटो काढले, वधूवरांचे, पंगतीचे. रात्री घरी येऊन पाहिलं तर संगणकावर काहीच नव्हतं. उतरवायचं राहून गेलं होतं. राहून गेलं. एवढंच.

शहरातल्या एका दुकानात गेले. काउंटरमागच्या मुलानं कार्ड उलटसुलट केलं आणि म्हणाला, “मॅडम, फॉरमॅट मारलंय ना? मग गेलं.” मी ते कार्ड आजीच्या फणेरपेटीत ठेवून दिलं. आरसा, फणी, मेणाची डबी, आणि त्यांच्यात ते काळं, बोटाच्या पेराएवढं कार्ड. टाकवेना म्हणून ठेवलं. 2011 साली घर उतरवलं गेलं. काचेचं कौल कुणी जपून ठेवलं का, हे विचारायचं मला धैर्य झालं नाही.

राजापूरच्या माणसानं खरं तर इतक्यात ‘गेलं’ यावर विश्वास ठेवायला नको होता. आमच्या उन्हाळे गावची गंगा साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. डोंगराच्या कुशीतली ती 14 कुंडं बारा-बारा महिने कोरडी पडलेली असतात, दगडाला ओलसुद्धा नसते, आणि एक दिवस, पावसाशी काही देणंघेणं नसल्यासारखं, पाणी येतं. दर तीन वर्षांनी येते असं म्हणत. ती मात्र स्वतःच्या मनानं येते. गावात एकच आरोळी उठते, ‘गंगा आली!’ काही दिवस राहते आणि दिसेनाशी होते. लहानपणी मी एकदा ‘गंगा गेली’ म्हटलं, तर आजीनं मला दटावलं होतं. “गेली म्हणू नये बाय. आत गेली म्हणावं.”

आत गेली. माझ्या फणेरपेटीत ती अकरा वर्षं आतच होती.

2019च्या मे महिन्यात भाचा राहायला आला. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. फणेरपेटी पुसताना कार्ड त्याच्या हाताला लागलं, आणि मी जमेल तेवढ्या कोरड्या आवाजात त्याची हकिकत सांगितली. तो हसला नाही. कार्डाच्या कडेला एक बारीक खटका असतो, तो त्यानं नखानं खाली सरकवला. “मावशी, आधी हे कुलूप. आता यावर कुणाला काही लिहिता येणार नाही.” मग त्यानं अख्ख्या कार्डाची जशीच्या तशी नक्कल आपल्या डिस्कवर उतरवली आणि मूळ कार्ड माझ्या हातात परत दिलं. काय करायचं ते नकलेवर. जुनी पोथी हाताळणाऱ्याचा सोवळेपणा होता त्याच्या बोटांत.

काम चालू असताना तो समजावत होता आणि मी ऐकत होते, अर्धी त्याचं, अर्धी माझंच. कार्डात एक यादी असते म्हणे, कुठला फोटो कुठे ठेवलाय याची. कॅमेऱ्यातलं साधं फॉरमॅट ती यादी तेवढी कोरी करतं. रेशनकार्डावरून नाव कमी केलं म्हणून माणूस काही घरातून नाहीसा होत नाही. तसे फोटो जागच्या जागी असतात, त्यांच्या अंगावर नवं काही लिहिलं जाईपर्यंत. मुळात हे सगळं म्हणजे इवल्या इवल्या कोठड्यांत कोंडलेला विजेचा भार. तो वर्षानुवर्षं टिकतो, पण झिरपतोही, थेंबाथेंबानं. जपानच्या तोशिबा कंपनीतले फुजिओ मासुओका यांनी ही स्मृती घडवली आणि 1984 साली जगापुढे मांडली. तिचं ‘फ्लॅश’ हे नाव त्यांच्या एका सहकाऱ्यानं सुचवलेलं. त्यातलं सगळं एका झटक्यात पुसलं जाताना पाहून त्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला होता. मी चमकून त्याच्याकडे पाहिलं. ज्यात आपण फोटो जपतो, त्याचं बारसं पुसण्यावरून झालेलं!

त्यानं फोटोरेक नावाचा एक प्रोग्रॅम लावला. ख्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच माणसानं लिहून सगळ्यांना फुकट देऊन टाकलेला. तो यादीच्या वाटेला जात नाही. कार्डाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाचपत जातो, आणि प्रत्येक जेपेग फोटोच्या सुरुवातीला जी ठरलेली खूण असते, एफएफ डी८, ती सापडली की थांबतो. अंधारात भिंतीला हात लावत चालावं आणि बोटांना कोनाडा लागावा, तसं. काळ्या पडद्यावर एक आकडा होता, शून्य. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले. मग एक झाला. सात झाले. एकतीस. आकडा वाढत चालला आणि माझ्या तोंडून, कुणाला उद्देशून कोण जाणे, शब्द निघाले: “गंगा आली.”

पाचशे एकाहत्तर फोटो आले. आपापली नावं विसरून आले. यादीच नव्हती, तर नावं कुठून असणार? प्रत्येकाला त्या प्रोग्रॅमनं एक लांबलचक आकडा दिला होता, आणि तो आकडा म्हणजे कार्डावर तो जिथे सापडला ती जागा. मला हे फार आपलंसं वाटलं. आपल्याकडेही माणूस परमुलखात गेला, की गावाचं नाव त्याचं आडनाव होतं. राजापूरकर, देवरूखकर. कुठे सापडलास, तीच तुझी ओळख.

पडवी आली. रहाट आला. पहिल्या दोन दिवसांचे फोटो आलेच नाहीत. त्यांच्या जागी हार, फेटे आणि पंगत बसली होती. आणि अगदी शेवटी आजीचा फोटो उघडला.

वर आढं होतं. काळी पडलेली वाशांची ओळ होती. काचेचं कौल होतं, लखलखीत, आणि त्यातून निघालेला उन्हाचा खांब, धुरानं अंग भरलेला, खाली येत होता, येत होता, आणि मध्येच थांबला होता. त्याखाली सगळा राखाडी रंग. चुलीतली राख सपाट पसरावी तसा. ऊन निघालं होतं, पोचलं नव्हतं.

भाच्यानं कारण शोधलं. कार्ड तेव्हा भरत आलेलं, त्यामुळे या शेवटच्या फोटोचा अर्धा भाग कार्डाच्या अखेरीला बसला आणि उरलेल्या अर्ध्याला कॅमेऱ्यानं पार सुरुवातीला जागा करून दिली, मी पुसलेल्या एका हललेल्या फोटोच्या रिकाम्या जागी. लग्नाचे फोटो सुरुवातीपासून लिहिले गेले. आजी त्यांच्याखाली गेली. ती पुसायची चैन माझीच.

“थांब मावशी,” तो म्हणाला. “फोटोच्या अगदी सुरुवातीला एक छोटी प्रत ठेवलेली असते. कॅमेऱ्याच्या पडद्यावर झटकन दाखवायला.” आणि त्यानं ती काढून दिली. 160 ठिपके रुंद, 120 ठिपके उंच. पोस्टाच्या तिकिटाएवढी.

तिच्यात आजी होती. पूर्ण.

किती वर्षं मी ते दृश्य मनात जपलं होतं! कवडसा आजीच्या हातांवर पडला आहे, तिच्या काचेच्या हिरव्या बांगड्या त्यात चमकताहेत, आणि ती माझ्याकडे बघून हसते आहे. लोकांनाही मी तसंच सांगत आले. तिकिटाएवढ्या चित्रात आजी सावलीत बसलेली होती. एक हात कपाळावर आडवा, डोळे बारीक केलेले, किंचित वैतागलेली. ‘पुरे गो बाय’ म्हणायच्या आधीचा तो क्षण असावा. आणि कवडसा पडला होता तिच्या शेजारच्या पाटावर. रिकाम्या. मी उठून फोटो काढायला गेले होते, तो माझाच पाट.

बराच वेळ मी काही बोलले नाही. कार्डाला निदान खटका असतो. मनाला कुठला? एकेका आठवणीला आपण किती वेळा हात लावतो, आणि प्रत्येक वेळी तिच्यावर थोडं काहीतरी लिहून ठेवतो: थोडं ऊन, एखादी बांगडी, एखादं हसू. हसणारी आजी मी अकरा वर्षं रोज थोडी थोडी लिहीत होते, आणि तिच्याखाली ही खरी, डोळे बारीक करून सावलीत बसलेली, हळूहळू झाकली जात होती. आता मला दोघीही हव्यात. पण आधी हवी ती वैतागलेली.

तुमच्याकडूनही कधी असं बटण दाबलं जाईल. तेव्हा एवढंच करा. हात थांबवा. त्या कार्डावर आणखी एकही फोटो काढू नका, कुणी ‘गेलं’ म्हणालं तर लगेच मान डोलावू नका, आणि अकरा वर्षं थांबू तर मुळीच नका.

सापडलेले फोटो आता तीन ठिकाणी ठेवले आहेत. कार्ड पुन्हा फणेरपेटीत आहे, मेणाच्या डबीशेजारी. त्याचा खटका खाली सरकवलेला आहे.