उभी सायकल

आमच्या घरातली गिअरची सायकल विकायची की ठेवायची, हा वाद गेल्या दिवाळीच्या सुट्टीत निघाला. मुलगा नववीत आहे. त्याचे अब्बा दम्मामला नोकरी करतात, वर्षातून एकदा महिनाभर घरी येतात. मागच्या खेपेस त्यांनीच ती सायकल घेऊन दिली होती. जाड टायरची, पुढे सस्पेन्शन असलेली, मुले जिला 'एमटीबी' म्हणतात ती. काही महिन्यांनी पेणला माझ्या फुप्पींच्या मोबाइलवर एक व्हिडिओ आला. त्यात आमचे चिरंजीव भर रस्त्यात पुढचे चाक हवेत उचलून चाललेले आणि मागून टेम्पो येतोय. फुप्पींनी तो लगेच दम्मामला पाठवला. रात्री फोन आला, "विकून टाक ती सायकल. हातपाय मोडून घेईल पोरगा." मुलाने उत्तर दिले नाही. दोन दिवस घरात कोणाशी बोलला नाही, जेवला मात्र वेळेवर.

मी रोह्यात उर्दू आणि मराठी शिकवते. वीस वर्षे वर्गात काढल्यावर एवढे कळते की, आपल्याला न समजलेल्या गोष्टीवर बंदी घातली की मुले ती आपल्या पाठीमागे करतात. आणि पाठीमागे म्हणजे बहुधा रस्त्यावर, जिथे टेम्पो असतात. मी फोनवर म्हटले, "तुम्ही सुट्टीवर येईपर्यंत थांबा. हे प्रकरण नेमके काय आहे ते मी बघते. मला धोक्याचे वाटले तर मीच विकीन." ते म्हणाले, "बघ, तुझी जबाबदारी."

मुलाला म्हटले, हे कुठून शिकलास ते दाखव. त्याने डॅनी मॅकास्किल या स्कॉटिश तरुणाचे व्हिडिओ दाखवले. हा मूळचा स्काय बेटावरचा, एडिनबरोत सायकलच्या दुकानात मेकॅनिक होता. एप्रिल २००९ मध्ये त्याचा साडेपाच मिनिटांचा व्हिडिओ इंटरनेटवर आला आणि जगभर पाहिला गेला. लोखंडी कुंपणाच्या टोकांवरून, भिंतींवरून, पायऱ्यांवरून सायकल नेतो. मी पाहिले ते वेगळेच. त्या कुंपणावरून तो पुन्हा पुन्हा पडतो, तेही त्याने ठेवले आहे. मुलाला विचारले, हे पडणे तुमच्या रीलमध्ये का नसते? तो पहिल्यांदा हसला.

हा खेळही काल निघालेला नाही. स्पेनच्या कातालोनिया भागात मोटरसायकलच्या 'ट्रायल्स' चालत, म्हणजे दगडधोंड्यांवरून पाय न टेकता गाडी काढायची शर्यत. तिथल्या मुलांसाठी त्याच धर्तीवर सायकलचा प्रकार सुरू झाला. १९८६ पासून त्याच्या जागतिक स्पर्धा होतात. तिथे वेगाला गुण नाहीत. पाय टेकला की दंड. हे ऐकून माझे मत अर्धे बदलले, कारण आमच्या शाळेच्या क्रीडामहोत्सवातली 'स्लो सायकलिंग' ही याच घराण्यातली.

बाकीचे अर्धे मत काठावर बसून ठरणार नव्हते. काठावरून फक्त भीती वाटते, धोका कुठे आहे ते दिसत नाही. म्हणून मीच शिकायचे ठरवले. वय ४४.

जागा मिळाली ती दिराच्या खळ्यावर. झोडणी संपली होती, भारे गेले होते, जमीन सपाट आणि सारवलेली. वेळ असरनंतर मगरिबच्या अजानपर्यंत, म्हणजे थंडीच्या दिवसांत जेमतेम दीड तास. कपड्यांचा प्रश्न बायका मला पहिल्यांदा विचारतात म्हणून इथेच सांगून टाकते. अबाया किंवा सैल सलवार चेनमध्ये अडकते आणि ते खरेच धोक्याचे आहे. मी घोट्याशी आवळणारी ट्रॅक पँट, वर गुडघ्यापर्यंतचा लांब कुर्ता आणि मानेशी पिन लावलेला स्कार्फ घालते. त्यावर हेल्मेट बसते. गोठ्यात वापरतो ते जुने रबरी बूट चालत नाहीत, सपाट तळव्याचे कॅनव्हासचे शूज हवेत, पॅडलवर पाय घसरू नये म्हणून.

सायकल मला येत होती म्हणा. पेणला लहानपणी तासाच्या भाड्याने सायकल मिळे. आधी हाफ पॅडल, मग दांड्यावरून, मग सीटवर. आठवीत गेल्यावर ती सुटली. कोणी मनाई केली नाही, पुन्हा कोणी विचारले नाही इतकेच. त्यामुळे तीस वर्षांनी सीटवर बसले तेव्हा पाय चालले.

मुलाने पहिली गोष्ट केली ती सीट अगदी खाली. या खेळात सीटवर बसायचेच नसते. दोन्ही पॅडल जमिनीला समांतर ठेवून त्यांच्यावर उभे राहायचे, गुडघे आणि कोपर थोडे वाकलेले, नजर चाकावर नाही तर तीन-चार मीटर पुढे. प्रत्येकाचा एक पाय आपोआप पुढे जातो, माझा डावा. तो कोणता हे आधी ओळखायचे, कारण पुढचे सगळे त्यावर ठरते. मग चालण्यापेक्षा हळू जायचे. पॅडलवर थोडा जोर आणि त्याच वेळी मागच्या ब्रेकवर एका बोटाचा हलका दाब. दोन्ही एकमेकांविरुद्ध ओढत असतात, म्हणून सायकल तंग राहते, डुगडुगत नाही. पहिला आठवडा एवढेच. कंटाळवाणे आहे, पण मला आवडले. शुद्धलेखनासारखे आहे ते.

दुसऱ्या आठवड्यात सायकल उभी करायला शिकले. पाय न टेकता, जागच्या जागी. याला 'ट्रॅक स्टँड' म्हणतात. ट्रॅकवरच्या शर्यतीत प्रतिस्पर्ध्याला आधी पुढे जाऊ द्यावे म्हणून सायकलस्वार असे थांबतात. इथे मला माझ्यातली विद्यार्थिनी सापडली. चालती सायकल का पडत नाही, हे आपल्याला शाळेत चाकाच्या फिरण्यावरून सांगितलेले असते. २०११ साली अमेरिका आणि नेदरलँड्समधल्या संशोधकांनी एक सायकल बनवली. तिच्यात उलट फिरणारी जादा चाके बसवून फिरण्याचा तो परिणाम जवळजवळ नाहीसा केला होता, तरी ढकलून सोडल्यावर ती स्वतःला सावरत होती. सायकल ज्या बाजूला कलते त्याच बाजूला हँडल वळते आणि चाके पुन्हा तिच्या वजनाखाली येतात, हे त्यातले महत्त्वाचे. हळू चालवताना हे आपोआप होत नाही, ते हातांनी करावे लागते. आणि उभ्या सायकलीत तर चाके पुढे जातच नाहीत, मग वळवून उपयोग काय?

उपाय साधा आहे. पुढचे चाक आधीच अर्धे वळवून ठेवायचे, जो पाय पुढे त्या बाजूला, आणि जमीन किंचित चढाची घ्यायची. आता पॅडलवर जोर दिला की तिरपे चाक थोडे पुढे आणि बाजूला सरकते. जोर सोडला की चढामुळे मागे येते. बोटभर पुढे, बोटभर मागे. तोल जाईल तिकडे चाक सरकवायचे. बघणाऱ्याला सायकल थांबलेली दिसते, आत सतत हालचाल चालू असते. पहिल्या दिवशी मी दोन सेकंद उभी राहिले. दहाव्या दिवशी मुलगा मोजत होता, सतरा झाले. माझे स्वतःचे मत असे की ज्यांना फक्त एकच गोष्ट शिकायची आहे त्यांनी ही शिकावी. यात पडायला होत नाही, पाय टेकला की संपले.

या काळात एकदा पेणला गेले. फुप्पींचे खुब्याचे हाड तीन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पडून मोडले होते, तेव्हापासून त्या भिंत धरून चालतात. मी त्यांना ब्राझीलमधल्या एका अभ्यासाविषयी सांगितले. ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ लोकांना एका पायावर दहा सेकंद उभे राहायला सांगितले होते. ज्यांना जमले नाही त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचे प्रमाण बरेच जास्त दिसले. २०२२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. एका पायावर उभे न राहिल्याने माणूस मरतो असे नाही, पण तोल हे शरीराच्या एकूण हिशेबाचे लक्षण आहे. फुप्पी म्हणाल्या, "मला हे आधी कोणी सांगितले असते तर?" मग लगेच, "तरी पण बेटा, बाईमाणसाने उड्या कशाला मारायच्या?" मी म्हटले, उड्या अजून आल्याच नाहीत.

उड्या महिनाभराने आल्या. इथे धोका कुठे आहे ते मला समजले. पुढचे चाक हातांनी ओढून उचलायचे नसते. आधी शरीर खाली दाबायचे, मग हात सरळ ठेवून कमरेचा भार मागे न्यायचा, चाक आपोआप हलके होऊन वर येते. भार जास्त मागे गेला तर माणूस पाठीवर. त्यावर एकच इलाज, मागच्या ब्रेकवर सतत बोट. ब्रेक दाबला की वर आलेले चाक खाली बसते. आमच्या सायकलीला मागचा ब्रेक डाव्या हाताला आहे, तुमच्या घरच्या सायकलीला आधी तपासा. तो व्हिडिओ मी पुन्हा काढून पाहिला. मुलाची दोन्ही हातांची सगळी बोटे मुठीवर घट्ट आवळलेली होती, ब्रेकवर एकही नाही. त्याला दाखवले. तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. टेम्पोपेक्षा मला ती बोटे भयंकर वाटली.

मागचे चाक उचलायला पायाचा चवडा खाली वळवून पॅडल मागे-वर खरवडायचे असते, जसा चिखलातून पाय काढतो. पुढचे आणि मागचे एकापाठोपाठ जोडले की सायकल उडी मारते. याला मुले 'बनी हॉप' म्हणतात, सशाची उडी. दोन्ही ब्रेक आवळून जागच्या जागी मारायची उडी त्याहून सोपी आहे, मी तीच आधी केली. आमची सायकल स्वस्तातली, जड. पुढचे सस्पेन्शन आपण दाबलेला जोर अर्धा गिळून टाकते. याच कामासाठी घेणार असाल तर मागेपुढे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली स्वस्त सायकल घेऊ नका, दिसायला रुबाबदार, उडीला निरुपयोगी.

अडथळा म्हणून मुलाने जांभ्याचा चिरा आणून ठेवला होता, तो मी उचलायला लावला. चाक अडले तर चिरा हलत नाही, माणूस हलतो. आधी जमिनीवर सुंभाची दोरी, मग नारळाची झावळी, मग पेणहून आलेला पोह्याच्या पापडांचा रिकामा खोका आडवा करून. खोका चिरडतो, दुखत नाही. असे सहा खोके गेले. नियमही तेव्हाच ठरले: हेल्मेट नाही तर सायकल नाही, निघण्यापूर्वी दोन्ही ब्रेक तपासायचे, आणि रस्त्यावर एकही चाक वर उचलायचे नाही. शेवटच्या नियमावर तो भांडला. म्हणाला, "अम्मी, हायवेवरचे खड्डे बघितलेस ना? चाक हलके करता आले तर खड्ड्यात माणूस पडत नाही." हे खरे आहे आणि मी ते मान्य केले. खड्ड्याच्या काठावर भार मागे घ्यायचा, एवढी सूट दिली. उडी नाही.

खळ्याच्या बांधावर बायका येऊन उभ्या राहू लागल्या होत्या. काही हसायला, काही मुलींना घेऊन. आठवीच्या हिंदीच्या पाठ्यपुस्तकात पुदुकोट्टईवर एक धडा होता, पी. साईनाथ यांचा. तमिळनाडूच्या त्या जिल्ह्यात १९९० नंतर साक्षरता मोहिमेबरोबर हजारो गरीब बायका सायकल शिकल्या, त्यांत मुसलमान मुलीही होत्या, आणि लोकांचे टोमणे ऐकत शिकल्या. मी वर्गात मुलांना तो गोष्टीसारखा सांगत असे. आता बांधावरच्या एका जावेने तिच्या सहावीतल्या मुलीला पुढे ढकलले आणि म्हणाली, "हिला फक्त ते उभे राहायचे शिकव. उड्या नको." मुलगा तिला शिकवतो. मी शिकवायला गेले तर तो म्हणतो, अम्मी, तू बोलतेस फार.

हे रमजानपूर्वी सुट्टीवर आले. दुसऱ्या दिवशी असरनंतर खळ्यावर घेऊन गेले. मुलगा बारा-तेरा इंचांवरून उडतो, मी खोक्याच्या अर्ध्या उंचीवरून. ते काही बोलले नाहीत. सायकलभोवती एक फेरी मारली, मागचा ब्रेक दोनदा दाबून पाहिला आणि म्हणाले, "हा सैल आहे. केबल बदलायला हवी." शनिवारी बापलेक ती बदलायला नागोठण्याला गेले. येताना दोन हेल्मेट आणली, एक त्यांच्या डोक्याच्या मापाचे.