दीवच्या किनाऱ्यांपैकी कोणता?

समुद्रकाठी सहलीस जावयाचे ठरले म्हणजे गाडीभाडे, उतरण्याची जागा आणि जेवणाचा बेत यांवर आठ आठ दिवस खल चालतो. परंतु पाण्यात नेमके कोठे उतरावयाचे, याचा विचार बस थांबून चपला हातात आल्यावर होतो. घरात सोफा घेताना चार दुकाने हिंडणारी माणसे समुद्र मात्र जो पहिला दिसेल तो पत्करतात. आमच्या धर्मग्रामातील चाळीसएक माणसांची सहल बडोद्याहून दीव बेटावर न्यावयाची होती, तेव्हा या एका प्रश्नाचा निकाल लागल्यावाचून वर्गणी गोळा करावयाची नाही, असे आम्ही ठरविले. त्यासाठी नोव्हेंबरात दोन अनुभवी गृहस्थांना बरोबर घेऊन आम्ही बेटाची एक फेरीही करून आलो. जे पाहिले आणि त्यावरून पुढे जे वाद झाले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत; कारण सुट्टी लागली की आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे त्याच वाटेने निघतात.

दीव हे सौराष्ट्राच्या दक्षिण किनाऱ्याला बिलगलेले लांबट, सपाट बेट. खाडीने ते मुख्य भूमीपासून तोडले आहे आणि पुलांनी पुन्हा जोडले आहे. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत तेथे पोर्तुगीज सत्ता होती. पुढे ३० मे १९८७ पर्यंत गोवा, दमण आणि दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश होता. गोव्यातील वाचकांस हे सांगणे नलगे. आजही दीवची ख्रिस्तसभा गोवा व दमण महाधर्मप्रांतातच मोडते, आणि संत पॉलच्या मंदिराचे दर्शनी अंग पाहताच गोव्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. किल्ल्याविषयी शाळेच्या पुस्तकांत पुरेसे आहे. आमचे काम किनाऱ्यांशी.

ज्याला प्रवासी लोक ‘दीवचा समुद्र’ म्हणतात, तो बहुधा नागोआचा. शहरापासून सातएक किलोमीटरांवर, बेटाच्या दक्षिण बाजूस घोड्याच्या नालासारखी वळलेली ही पुळण आहे. तिच्या मागे होका नावाच्या ताडांची दाटी. आपल्याकडे ज्याला रावणताड म्हणतात तो हा वृक्ष. ताडामाडांच्या जातीत खोडाला फांद्या फुटणे ही दुर्मिळ गोष्ट. हा मात्र दुबेळक्यासारखा फुटत फुटत वर जातो, आणि दुपारी त्याची सावली तुटक असली तरी उपयोगी पडते. आमच्या मंडळींतील एक सत्तरी ओलांडलेल्या मावशी आम्ही परत येताच विचारत्या झाल्या, “फादर, पाण्याचे राहू द्या, सावली कुठे आहे ते सांगा.” सावलीच्या हिशेबाने पाहिल्यास नागोआला पहिला क्रमांक द्यावा लागेल.

पण तेथे गर्दी फार. पाण्यावर धावणारी यंत्रे, दोरीने ओढलेल्या हवाई छत्र्या, उंट, नारळपाणी, आणि शनिवार-रविवारी गुजरातेतून आलेल्या मोटारींची रांग. गुजरात राज्य १९६० साली जन्मल्यापासून तेथे दारूबंदी आहे, दीवमध्ये ती नाही. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी येणाऱ्यांपैकी सगळेच समुद्रासाठी येतात असे नव्हे. कोणी काय प्यावे याचा निवाडा आम्ही येथे करीत नाही. पण प्यालेला माणूस पाण्यात शिरला म्हणजे तो एकटा शिरत नाही. त्याला काढावयास जाणाराही त्याच्या मागोमाग शिरतो. म्हणून सहलीचे दिवस आठवड्याच्या मध्यावर धरावे, असा आमचा पहिला निर्णय झाला.

दक्षिणेचे सर्व किनारे उघड्या अरबी समुद्राकडे तोंड करून आहेत, हे विसरता कामा नये. पावसाळ्याच्या चार महिन्यांत तेथे पाण्यात उतरण्याची गोष्टच काढू नये. हिवाळ्यात समुद्र निवतो, तरी एक धोका राहतोच, आणि तो आम्हांस नीट समजावून सांगावासा वाटतो. लाटा पाणी सारखे काठाकडे लोटीत असतात. ते पाणी परत जावयास वाट शोधते, आणि वाळूच्या दोन उंचवट्यांमधील चिंचोळ्या सखल पट्टीतून वेगाने बाहेर धावते. त्या पट्टीवर लाट फुटत नाही, म्हणून ती जागा शांत दिसते. आणि पोहता न येणारा भित्रा माणूस नेमकी तीच जागा निवडतो! ओढ लागली तर तिच्याविरुद्ध काठाकडे झुंजू नये. तसे करताना चांगले पोहणारेही दमतात. काठाला समांतर पोहत बाजूस सरकावे, आणि तेही न जमल्यास पाण्यावर तरंगत राहून हात उंचवावा. ओहोटीच्या वेळी ही ओढ बहुधा वाढते. आमच्या तरुणांकडून हे सर्व आम्ही प्रश्नोत्तराप्रमाणे पाठ करून घेतले. हसले, पण पाठ केले.

शहरापासून हाकेच्या अंतरावर जालंधर आणि चक्रतीर्थ हे दोन छोटे किनारे आहेत. दोन्हींच्या नावांमागे जालंधर दैत्याची एकच कथा आहे. तेथे खडक पुष्कळ. लहान मुलांस पाण्यात सोडण्याजोगी ती जागा नव्हे, बसून पाहण्याची आहे. चक्रतीर्थाजवळ ‘खुकरी’ या युद्धनौकेचे स्मारक आहे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवपासून सुमारे ४० सागरी मैलांवर पाकिस्तानी पाणबुडीने तिला बुडविले. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी तिच्याबरोबर गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी नौका सोडली नाही. सूर्यास्त पाहण्यास लोक तेथे जमतात आणि फोटो काढून निघून जातात. आमच्या मंडळींनी तेथे दहा मिनिटे तरी गप्प बसावे, एवढे आम्ही कार्यक्रमपत्रिकेत लिहून टाकले.

बेटाच्या पश्चिम टोकाला वणाकबारा हे कोळ्यांचे गाव, आणि त्याच्या अलीकडे गोमतीमातेचा किनारा. आम्हांस व्यक्तिशः हा सर्वांत आवडला. माणूस नाही, दुकान नाही, शुभ्र वाळू आणि मोठ्या लाटा. पण चाळीस माणसांची जबाबदारी खांद्यावर असताना ज्या जागी हाक मारली तर ऐकणारे कोणी नाही, ती जागा आवडून काय उपयोग?

राहिला घोघला. खरे पाहता तो बेटावर नाहीच. शहरातून पूल ओलांडून मुख्य भूमीवर गेले म्हणजे दीव जिल्ह्याचाच जो तुकडा लागतो, त्यावर ही लांबच लांब, सपाट पुळण आहे. काटेकोर माणसाने आमच्या लेखाचे नावच चूक ठरवावे! २०२० साली भारतातील ज्या पहिल्या आठ किनाऱ्यांस ‘ब्लू फ्लॅग’ हा आंतरराष्ट्रीय मान मिळाला, त्यांत घोघला होता. (त्या आठांत महाराष्ट्राचा वा गोव्याचा एकही नव्हता.) हा निळा झेंडा काही सौंदर्याचे बक्षीस नव्हे. पाण्याची शुद्धता, जीवरक्षक, स्वच्छतागृहे, कचऱ्याची व्यवस्था अशा ३३ कसोट्या त्यासाठी आहेत, आणि एकदा मिळाला म्हणून तो कायमचाही नसतो. दर वर्षी नव्याने मिळवावा लागतो. त्या कसोट्यांत अपंगांना पुळणीपर्यंत पोहोचता यावे याचाही विचार आहे. आमचा निर्णय याच मुद्द्यावर येऊन ठेपला.

आमच्या धर्मग्रामात एक बारा वर्षांचा मुलगा आहे. जन्मापासून त्याचे पाय चालत नाहीत. चाकांच्या खुर्चीत बसून तो शाळेत जातो, आणि गणितात त्याचा हात धरणारा वर्गात कोणी नाही. समुद्र त्याने चित्रातच पाहिला होता. सहलीची यादी करावयास आम्ही त्यांच्या घरी गेलो, तेव्हा त्याचे वडील म्हणाले, “आम्हांला धरू नका, फादर. वाळूत खुर्ची रुतते, मग चौघांना उचलावी लागते, सगळ्यांचा खोळंबा होतो. आम्ही घरीच बरे.” आई काही बोलली नाही. वर्गणीचे पैसे मात्र तिने आधीच वेगळे काढून ठेवले होते, हे आम्हांस मागाहून कळले.

तरुणांची बाजूही ऐकावयास हवी. त्यांचे मन नागोआवर होते. एक जण म्हणाला, “नागोआ न पाहता दीवहून आलो म्हणून सांगितले, तर कॉलेजात कोण विश्वास ठेवील, फादर? आणि एकासाठी सगळ्यांनी—” पुढचे शब्द त्याने गिळले. तो मुलगा दुष्ट नाही. वर्षातून एकदा मिळणारे दोन दिवस त्याला त्याच्या मनाप्रमाणे हवे होते, आणि ते त्याचे मागणे गैर होते असे आम्ही म्हणणार नाही. पण सेमिनरीत रोमन कायद्याची तोंडओळख होते, तीत एक गोष्ट आमच्या ध्यानात राहिली. सहाव्या शतकात जस्टिनियन सम्राटाने जो कायद्याचा पाठ्यग्रंथ तयार करविला, त्यात हवा, वाहते पाणी, समुद्र, आणि समुद्राबरोबर त्याचा किनाराही, निसर्गतः सर्वांच्या मालकीचा मानला आहे. आता, जो किनारा सर्वांचा म्हणावयाचा तेथे एक मूल पोहोचूच शकत नसेल, तर ती मालकी कागदावरची झाली. हे आम्ही बैठकीत सांगितले. पटले म्हणून नव्हे, तर फादर बोलले म्हणून मंडळी गप्प बसली, हे आमच्या लक्षात आले होते.

तेव्हा कायदा बाजूस ठेवून आम्ही पंचांग काढले. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, पाणी फार चढते आणि फार उतरते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, पाण्याची हालचाल बेताची. त्या दिवसांत दीवच्या बाजूस सकाळी पाणी ओसरत असते. आणि वाळू कोरडी असली तरच चाक रुतते. ओहोटीने नुकतीच उघडी टाकलेली ओली वाळू अंगणासारखी घट्ट असते. जानेवारीतील अष्टमीलगतचा बुधवार धरला. सकाळ घोघल्याला, सर्वांनी, दुपार नागोआला, ज्यांना जावयाचे त्यांनी, सायंकाळी चक्रतीर्थ. पाण्यात गुडघ्यापलीकडे कोणी जावयाचे नाही, आणि दर दहा मुलांमागे एक मोठा माणूस, जो स्वतः भिजणार नाही. या शेवटच्या अटीवर तीन काका नाराज झाले.

बुधवारी सकाळी बांधीव वाट संपून कोरडी वाळू लागली, तेथे खुर्ची रुतलीच. अंतर तीसएक पावलांचे असेल. कोणी कोणाला सांगितले आम्हांस ठाऊक नाही, पण चौघांनी ती उचलून ओल्या वाळूवर ठेवली. त्यांत नागोआवाला होता. तेथून पुढे मुलाने स्वतःच्या हातांनी चाके फिरविली. पहिली लाट पायांवर आली तेव्हा तो घाबरून ओरडला आणि मागे घ्या म्हणाला. वडिलांनी मागे घेतले. कोणी टाळ्या वाजविल्या नाहीत की धीराची भाषणे केली नाहीत, हे फार बरे झाले. पंधरा मिनिटे तो नुसता लाटा मोजीत बसला. मग म्हणाला, “पप्पा, सातवी मोठी येते असे काही नाही, मी मोजल्या,” आणि पुन्हा पुढे गेला. मावशी छत्री घेऊन त्याच्या शेजारी उभ्या होत्या. सावलीची सोय त्यांनी स्वतःच केली होती, आणि पातळाचे काठ भिजल्याचे त्यांना भान नव्हते.

अकरा वाजता नागोआस जाणारी मंडळी बसमध्ये बसली. चालक भोंगा वाजवू लागला. मुलाचे वडील तेवढ्यात खुर्ची नळाखाली घेऊन तिची चाके धूत होते. खारे पाणी राहिले तर लोखंड गंजते, आणि नवी खुर्ची काही दर वर्षी घेता येत नाही. मुलगा बाकावर बसून पाहत होता.

“पप्पा,” तो म्हणाला, “नागोआला पुन्हा ओली होणारच आहे, मग आत्ताच कशाला धुता?”

वडिलांनी आमच्याकडे पाहिले, आणि नळ बंद केला.