घाटाचा चढ

डोंगर पाहण्याच्या ज्या तीन रीती हल्ली प्रचारात आहेत, त्यांपैकी पायी चढण्याच्या रीतीविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि मोटारीच्या रीतीविषयी लिहिण्यासारखे फारसे काही नाही. मोटारीतला प्रवासी घाट पाहत नाही. तो घाट संपण्याची वाट पाहतो. तिसरी रीत सायकलीची. ती आम्ही गेली बारा वर्षे आचरीत आहो. पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकाने तंग विजार चढवून भल्या पहाटे घाम गाळण्यास बाहेर पडावे, हे आमच्या शेजाऱ्यांना अद्यापि रुचलेले नाही, हेही येथेच नमूद करून ठेवतो.

वाईहून पाचगणीस जाणारा पसरणीचा घाटच घ्या ना. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे 720 मीटर उंचीवर, पाचगणी सुमारे 1,290 मीटरवर, आणि मधला रस्ता बारा किलोमीटरांच्या आसपास. भागाकार केला तर वीस-एकवीस हात पुढे जावे तेव्हा एक हात वर चढावे, असे प्रमाण पडते. हे प्रमाण आकस्मिक नव्हे. मोटारी येण्यापूर्वी ज्यांनी असे रस्ते आखले, त्यांच्या डोळ्यांसमोर भरलेली बैलगाडी होती. बैलाच्या दमाला सोसेल, अर्ध्या वाटेवर तो गुडघे टेकणार नाही, आणि उतरताना गाडी त्याच्याच अंगावर येणार नाही, अशा बेताने त्यांनी डोंगराला वळसे घातले. आगगाडी याहून नाजूक. 1863 साली बोरघाटातून लोहमार्ग सुरू झाला, त्यातील सर्वांत तीव्र चढ 37 स 1 एवढाच आहे. कारण गुळगुळीत रुळावर गुळगुळीत चाकाची पकड ती किती असणार! मोटारीला या हिशेबांचे सोयरसुतक नाही. सायकलस्वार मात्र बैलाच्या जातीचा आहे. ज्या इंजिनिअरने बैलावर दया केली, त्याने अजाणता आमच्यावरही केली.

आमच्या महाविद्यालयातील भौतिकशास्त्राच्या एका अध्यापकांनी कागदावर मांडून दाखविले की, स्वार आणि सायकल मिळून ऐंशी किलो वजन वाईहून पाचगणीपर्यंत उचलण्याचे निव्वळ काम शंभर-सव्वाशे किलोकॅलरींचेच भरते. परंतु मनुष्याचा देह खाल्लेल्या अन्नाचा जेमतेम चौथा हिस्सा कामी लावतो. उरलेल्याची उष्णता होऊन जाते. तेव्हा प्रत्यक्ष खर्च चारशेंच्या वर, म्हणजे ज्वारीच्या सुमारे तीन भाकरी! घाटाचे मोल भाकरींत सांगता येते हे कळल्यापासून वाईस रात्री जेवताना आमचा हात आखडत नाही.

चढावर सर्वांत हलका गिअर लावावा की नाही, यावरून आमच्या मंडळींत पूर्वी मोठे वाद झडत. हलका गिअर म्हणजे दुबळेपणाची कबुली, असे एक पक्ष म्हणे. या पक्षाला वडीलधाऱ्यांचा आधार आहे. 1903 साली ‘तूर द फ्रान्स’ ही शर्यत सुरू करणारे आंरी देग्रांज यांनी साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्राला शर्यतीत कित्येक वर्षे मज्जाव केला होता. ती बंदी 1937 साली उठली. उलट त्याच फ्रान्समध्ये सेंत-एतिएन गावचे पॉल द विवी हे गृहस्थ डोंगराळ रस्त्यांवर हिंडून अशा गिअरांचाच पुरस्कार करीत होते. आमचे मत द विवींच्या बाजूचे आहे. बैल चढावर पावले आखूड टाकतो. त्याला कोणी दुबळा म्हणत नाही.

घाटाच्या मध्यावर एकदा आम्ही श्वास घेण्यास थांबलो असता गवताचा भारा घेतलेली एक वृद्ध बाई जवळ येऊन उभी राहिली. आमच्याकडे, मग सायकलीकडे पाहून तिने विचारले, “यष्टी चुकली व्हय बाबा?” आम्ही म्हणालो, “नाही मावशी, मुद्दामच आलो.” तिने भारा सावरला आणि काही न बोलता ती पुढे चालू लागली. तिच्या मौनातील अभिप्राय आम्ही पुरता समजलो. रोज जिला चढणे भाग आहे, तिला हौसेने चढणाऱ्याविषयी याहून वेगळे काय वाटावे?

पाचगणीनंतर चढ निवळतो. महाबळेश्वरापर्यंतचे एकोणीस-वीस किलोमीटर चढउताराचे आहेत. काळ्या दगडाची जागा तांबडा जांभा घेतो, आणि पुढे जांभूळ, हिरडा, अंजनी यांच्या बुटक्या, गच्च रानातून जाताना थंड ओलसर वास येतो. सुटीचा दिवस असेल तर मोटारींच्या धुराने तो वासही येत नाही. म्हणून आम्ही सुटीचा दिवस टाळतो. प्राध्यापकाला तो टाळणे किती कठीण आहे हे इतरांस कळणार नाही.

महाबळेश्वराहून पोलादपूरकडे उतरणारा आंबेनळी घाट मात्र निराळ्या तोलाचा. सुमारे चाळीस किलोमीटरांत रस्ता साडेबाराशे मीटरांहून अधिक उतरतो. प्रतापगडाचा फाटा याच वाटेवर लागतो. 1659 साली अफझलखानाचे सैन्य जावळीत उतरले ते रडतोंडीच्या घाटाने, असे सांगतात. त्या नावातच त्या वाटेचा चढ सांगितलेला आहे. ती गाडीच्या चाकासाठी आखलेली नव्हती. हल्लीचा रस्ता सौम्य खरा, पण निर्धास्त नव्हे. 22 जुलै 2021 रोजी सुरू झालेल्या अतिवृष्टीत महाबळेश्वरास चोवीस तासांत सुमारे 594 मिलिमीटर पाऊस कोसळला, आणि हा घाट ठिकठिकाणी खचला. त्याच पावसात महाडनजीकच्या तळिये गावावर दरड कोसळून ऐंशींहून अधिक माणसे गेली. त्यानंतर आम्ही पावसाळ्यात या बाजूस फिरकत नाही. आमची ती हौस आहे. पण या वळणांच्या आधाराने राहणाऱ्यांना मात्र पावसाळा टाळता येत नाही.

या प्रवासांत आम्ही प्रारंभी चौघे होतो. एकाची बदली झाली. दुसरे आमचे स्नेही संस्कृताचे अध्यापक. त्यांच्या हृदयावर दोन वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया झाली, आणि डॉक्टरांनी सपाट रस्त्याची मुभा देऊन घाटाला मनाई केली. पसरणीचा घाट या गृहस्थांना पाणिनीच्या सूत्रांसारखा मुखोद्गत होता: कोणत्या वळणानंतर चढ वाढतो, कोठे पन्नास पावले विसावा मिळतो, कोठून धोमच्या जलाशयाचे पाणी प्रथम दिसते. गेल्या वर्षी एका लग्नानिमित्त आम्ही सारे मोटारीने पाचगणीस गेलो. अर्ध्या घाटात त्यांनी डोळे मिटून घेतले. झोप लागली असेल, असे आम्हांस वाटले. थोड्या वेळाने ते हळूच म्हणाले, “आता तो विसावा यायला हवा.” तो मागे गेला होता. त्यांनी डोळे उघडून बाहेर पाहिले आणि म्हणाले, “काहीच लागत नाही हो.” नंतर लग्नघरी पोहोचेपर्यंत कोणी बोलले नाही.

आंबेनळी आम्ही आजवर उतरलोच आहो. चढलो कधी नाही. तीस हातांस एक हात या मानाचा चढ, पण तो चाळीस किलोमीटर! येत्या मार्गशीर्षात पोलादपूरहून निघून तो चढण्याचा बेत ठरला आहे. पन्नाशीनंतरचे असले बेत पुढल्या वर्षावर टाकावयाचे नसतात, याविषयी आम्हां उरलेल्या दोघांचे एकमत आहे. संस्कृताचे अध्यापक मोटारीत सायकल घालून पोलादपूरपर्यंत येणार आहेत, आणि घाट लागेपर्यंतचा खोऱ्यातला रस्ता आमच्या बरोबरीने चालवणार आहेत. जेथे चढ सुरू होईल तेथून त्यांना परत फिरवू, असे वचन आम्ही त्यांच्या पत्नीला दिले आहे. ते वचन त्यांच्याकडून मात्र अद्यापि कोणी घेतलेले नाही.