मोकळ्या हातानं वाटेत

दहा-बारा वर्षं मी मार्केट यार्डाजवळच्या मैदानावर सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलींना चुकीचं शिकवलं, तेही कळत असून. थ्रो येतोय म्हटलं की डावा पाय बेसपुढे रोव, गुडघा आडवा घाल, रनरला बेस दिसताच कामा नये, असं मी घसा फोडून सांगायचो.

मी खेळायचो तेव्हा बॉल अगदी येण्याच्या बेतात असला, तर फिल्डरनं वाटेत उभं राहणं चालून जायचं. पुढे ती सवलत गेली. आता एकतर बॉल हातात हवा, नाहीतर बॅटवरून सुटलेला बॉल अडवण्याची खटपट सुरू हवी. यातलं काहीच नसेल तर रनरची वाट सोडायची, नाहीतर ऑब्स्ट्रक्शन. अंपायर डावा हात आडवा धरतो, खेळ चालू राहतो आणि नंतर रनरला ती जिथवर पोचली असती तो बेस मिळतो. हे सगळं मला पाठ होतं. पण गल्लीतल्या सामन्यांत तो हात क्वचितच निघतो, आणि त्या भरवशावर मी चार सामने जिंकलेही होते.

मग सरावात आमचीच एक मुलगी दुसऱ्या बेसवर घसरत आली आणि शॉर्टस्टॉपच्या रोवलेल्या गुडघ्यावर आदळली. मनगट सुजलं. मी तिलाच झापलं : स्लाइड उशिरा घेतलीस.

शॉर्टस्टॉप गप्प होती. तिचे वडील भुसार बाजारात हमाल. ती म्हणाली, "सर, गाळ्यावर पाठीवर पोतं असलेल्याला सगळे वाट देतात. मोकळ्या हातानं मध्ये उभं राहिलं तर पप्पा शिव्या घालतात. बॉल आला नव्हता, म्हणजे मी मोकळीच होते ना?"

मला उत्तर सुचलं नाही. खरं तर राग आला. नियमाचं पुस्तक जे करू शकलं नाही ते एका पोत्यानं केलं, हे पचायला आठवडा गेला.

आता शिकवतो ते असं : बेसच्या दोन्ही बाजूंना पाय, समोरची कड रनरसाठी उघडी. बॉल ग्लोव्हमध्ये बसला की मगच ग्लोव्ह त्या कडेपुढे खाली. टॅग करायला रनरच्या मागे धावायचं नाही, तीच येऊन ग्लोव्हवर पडते. पहिल्या बेसशेजारी फाउलच्या बाजूला नारिंगी बेस लागतो. आमच्याकडे तो नाही, म्हणून बारदान घडी करून ठेवतो. पांढरा फिल्डरचा, बारदान रनरचं. सगळ्यात जड जातं ते कॅचरला. होम प्लेट सोडून उभं राहायचं म्हणजे घराचं दार उघडं टाकून बसल्यासारखं वाटतं तिला. २०११ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या बस्टर पोझी या कॅचरचा पाय प्लेटवरच्या धडकेत मोडला, आणि २०१४ पासून अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलनं धडक मारण्यावर आणि वाट अडवण्यावरही बंधन घातलं. हा किस्सा मी तिला दर महिन्याला ऐकवतो. ती जांभई देते.

गेल्या सामन्यात तिनं वाट उघडी ठेवली, थ्रो अर्धा सेकंद उशिरा आला आणि आम्ही एका रननं हरलो. जुना गुडघा असता तर वाचलो असतो, हे माझ्या मनात आलंच. ती माझ्याकडे बघत होती. मी बारदान उचलायला गेलो.