रिकामी आहे ना?

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. शनिवारची सकाळ होती. बुदैयाच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये भरणाऱ्या शेतकरी बाजारातून भाजीच्या पिशव्या घेऊन गाडीपाशी येतो तोच भाच्याचा फोन आला. दोन वर्षे पहाटे चारला उठून, मैदानावर घाम गाळून हा गडी पोलीस भरतीत पास झाला. आता प्रशिक्षण केंद्रात आहे.

"मामा, सोमवारपासून फायरिंग!" त्याच्या आवाजात दिवाळी होती. मी "शाब्बास!" म्हणालो खरा, पण पोटात गोळा आला.

"अहो, पोरगा एवढ्या आनंदाने सांगतोय आणि तुमचा चेहरा का उतरला?" सौ.ने विचारले. घरी पोचेपर्यंत तिला जे सांगितले, तेच आज स्मरणिकेच्या निमित्ताने तुम्हा मंडळींना सांगतो.

२००४ साली मी अमेरिकेत एम.एस. करत होतो. तिथल्या कॅम्पस पोलिसांनी एका संध्याकाळी विद्यार्थ्यांसाठी ओळखीचा कार्यक्रम ठेवला होता. फुकट पिझ्झा म्हटल्यावर आम्ही देसी मंडळी पहिल्या रांगेत! 'गोळी झाडायची की नाही, हे पोलीस क्षणात कसे ठरवतो' याचे प्रात्यक्षिक होते. चोर व्हायला कोण येतो, असे विचारल्यावर मित्रांनी मलाच पुढे ढकलले. समोरच्या अधिकाऱ्याने माझ्यावर पिस्तूल रोखले आणि बार काढला. काडतूस ब्लँक होते, म्हणजे नुसता आवाज करणारे. मी छाती धरून पडलो, सगळे हसले, टाळ्या झाल्या. त्याचा फोटो मी सांगलीला पाठवला. आईने तो शोकेसमध्ये लावला.

पिस्तूल कोणी भरले, कोणी तपासले, हे मी विचारले नाही. खरे तर मला ते कळायला हवे होते. कॉलेजात मी एन.सी.सी.त होतो. पॉइंट टू टू रायफलने पाच गोळ्या मारायला मिळायच्या. गोळीबारानंतर आमचे उस्ताद प्रत्येकाला बोल्ट मागे ओढायला लावून रायफल स्वतः बघायचे. खोके, म्हणजे रिकामी काडतुसे, मोजून परत घ्यायचे. एक कमी भरले तर सगळी तुकडी उन्हात गवत चाचपत बसायची. आम्ही वैतागायचो. उस्ताद म्हणायचे, "बेटा, आदमी खाली बंदूक से ही मरता है." आम्हाला तो विनोद वाटायचा.

त्यानंतर बारा वर्षांनी, ऑगस्ट २०१६. बायको-मुले सुट्टीला भारतात, मी बुदैयात सक्तीचा ब्रह्मचारी. रात्री लॅपटॉपवर बातमी वाचली आणि हातातला चहा तसाच राहिला. फ्लोरिडातल्या पुंता गोर्दा या छोट्या शहरात ९ ऑगस्टला पोलिसांनी नागरिकांसाठी अगदी तसेच प्रात्यक्षिक ठेवले होते. ७३ वर्षांच्या एक निवृत्त ग्रंथपाल बाई त्यात भाग घ्यायला पुढे झाल्या. अधिकाऱ्याने रिव्हॉल्व्हर झाडले. ते ब्लँक नव्हते, खऱ्या गोळ्या होत्या! त्यांचे यजमान त्याच खोलीत होते. बाई वाचल्या नाहीत. त्या गोळ्यांचे टोक सपाट असते, त्यामुळे त्या ब्लँकसारख्या दिसतात. त्या अधिकाऱ्याला २०१९ मध्ये दहा वर्षे प्रोबेशनची शिक्षा झाली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. शोकेसमधला फोटो डोळ्यांपुढे येत होता. माझे नशीब बलवत्तर, बाकी फरक काहीच नव्हता.

मग अशा बातम्यांकडे लक्ष जाऊ लागले. २०१३ मध्ये बाल्टिमोरजवळ एका प्रशिक्षकाकडे दोन पिस्तुले होती, एक रंगाच्या गोळ्यांचे सरावाचे आणि एक खरे. सरावाचे समजून त्याने खरे झाडले. प्रशिक्षणार्थी जबर जखमी झाला. २०२२ मध्ये वॉशिंग्टनच्या एका ग्रंथालयात सुरक्षारक्षकांचे प्रशिक्षण चालू होते. शिकवायला आलेल्या निवृत्त पोलीस अधिकाऱ्याने गमतीत पिस्तूल काढले. ते खरे होते. २५ वर्षांची मुलगी गेली. आपल्याकडे तमिळनाडूतल्या नार्तामलैला ३० डिसेंबर २०२१ रोजी सराव मैदानावरून सुटलेली गोळी दूरच्या घरात असलेल्या अकरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात शिरली. चार दिवसांनी तो गेला.

यातली तीन उदाहरणे पाहा. बंदूक बिघडली नव्हती, माणसेही अडाणी नव्हती. प्रत्येकाला 'खात्री' होती, एवढेच.

आमच्या आयटीतही हेच असते. एका रात्री मी टेस्ट सर्व्हर समजून ग्राहकाच्या लाइव्ह सर्व्हरवरचा डेटा पुसला. दोन्ही खिडक्या काळ्या, दिसायला एकसारख्या! बॅकअप होता म्हणून नोकरी वाचली. तेव्हापासून माझी लाइव्हची खिडकी लाल असते, आणि एंटर दाबण्याआधी दुसरा माणूस स्क्रीन वाचतो. पोलिसांच्या सरावासाठीही निळ्या प्लास्टिकच्या बंदुका मिळतात, त्या याचसाठी. सरावाच्या खोलीत खरे शस्त्र आणि खरी गोळी येऊच द्यायची नाही, दाराशीच दुसऱ्याने तपासायचे, आणि बंदूक 'रिकामी' असली तरी माणसावर रोखायची नाही. पिस्तुलाला बॅकअप नसतो हो!

म्हणून सराव बंद करा, असे मी मुळीच म्हणत नाही. सव्वीस-अकराच्या हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने आपल्या पोलिसांना गोळीबाराचा पुरेसा सराव मिळत नसल्याकडे लक्ष वेधले होते. सराव हवाच, भरपूर हवा. पण ज्या हातांनी उद्या आपले रक्षण करायचे, ते सरावातच जायबंदी होऊ नयेत.

त्या रात्री मी भाच्याला फोन लावला. "बाळा, मन लावून शीक. पण शेजारचा 'रिकामी आहे' म्हणाला तर 'दाखव' म्हणायचे. साहेब म्हणाले तरी, अदबीने, पण म्हणायचे."

"मामा, साहेबांना कसं म्हणू? रागावतील ना!"

मला २००४ ची ती संध्याकाळ आठवली. मीही संकोचानेच गप्प बसलो होतो. "रागावू देत," मी म्हणालो. "मी विचारले नव्हते."

आठवड्याने त्याचा निरोप आला: "मामा, दहापैकी सहा लागल्या. आणि विचारलं. साहेब रागावले नाहीत, उलट सगळ्यांसमोर चेंबर उघडून दाखवलं."

यंदा सांगलीला गेलो तेव्हा आईची परवानगी काढून शोकेसमधला तो फोटो उचलला. त्या जागी आता भाच्याचा गणवेशातला फोटो आहे.