विसावलेल्या जमिनीची नोंद

८ मे, सोलापूर
पारा चाळिशीच्या वर. दुपारी घराबाहेर पडायची सोय नाही, म्हणून मानववंशशास्त्रज्ञ हॅरॉल्ड कॉन्क्लिन वाचत बसलो. फिलिपिन्समधल्या मिंडोरो बेटावरच्या हनुनोओ लोकांच्या फिरत्या शेतीवर त्याने लिहिलं. एकाच तुकड्यात चाळीसेक पिकं, वर केळी, खाली कंद, मधे भात. गंमत अशी, की जागतिक अन्न व शेती संघटनेने १९५७ साली हा अभ्यास छापला आणि त्याच वर्षी फिरत्या शेतीला मागासलेपणाची खूण ठरवून ती थांबवण्याचं आवाहनही केलं. छापलेलं वाचायची पद्धत तिथेही नसावी.

१४ मे, पाली (सुधागड)
सोलापूरला वर्षाचा पाऊस ५५० मिलिमीटरच्या आसपास. इथे ३,००० च्या पुढे. उतारावरची माती एका पावसाळ्यात उघडी पडली तर पुढच्या पावसाळ्यात ती खाडीत असते. म्हणून वरकस, म्हणजे डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीचा क्रम ठरलेला: पहिल्या वर्षी नाचणी, मग वरी, मग कारळा, आणि त्यानंतर काही वर्षं झाडोऱ्याला आणि गवताला सोडून द्यायची.

ब्रिटिश काळात इथे, आताच्या रायगड जिल्ह्यात, काही वनजमिनी 'दळी' म्हणून कातकरी-ठाकरांना कसायला दिल्या गेल्या. कागद मात्र पुष्कळदा गटातल्या एकाच माणसाच्या नावावर. इतरांचं कसणं कोणत्याच दप्तरात नाही. वाडीवरच्या एका आजोबांना विचारलं, तुकडा सोडता कधी? म्हणाले, "नाचणी बारीक व्हाया लागली की सोडायचा. त्याला कॅलेंडर कशाला लागतंय?"

१५ मे, पाली
राब पाहिला. रोपांच्या वाफ्यावर शेण, फांद्या, पालापाचोळा आणि वर मातीचा थर देऊन भाजलेलं. तणाचं बी जळतं, राख रोपांना पोसते. वन खात्याचा जुना राग या राबासाठी तोडल्या जाणाऱ्या फांद्यांवर. तो अगदीच खोटा नाही. माणसं वाढली, वापरायचं रान आक्रसलं, की तीच झाडं दरवर्षी बोडकी होतात. पण रान आक्रसलं ते १८७८ च्या कायद्याने राखीव जंगलाच्या सीमा आखल्यावर, हेही त्याच श्वासात सांगायला हवं. विसाव्याचा काळ कमी झाला की उतार थकतो. मग थकवा शेतकऱ्याच्या माथी मारायचा, असा हा हिशेब.

१८ मे, फोंडा
गोव्यातलं कुळागर. माड, पोफळी, पोफळीवर मिरीचा वेल, खाली केळी, कडेला फणस, भिरंड (कोकम) आणि जायफळ. झऱ्याचं पाणी पाटाने टप्प्याटप्प्याने खाली. इथे जमीन फिरवावी लागत नाही, कारण सावलीच तिला राखते. मालकीही पक्की. म्हणूनच याला कौतुक, पर्यटक आणि जेवणाची थाळी. डोंगरावरच्या तुकड्याला नोटीस. दोन्हीकडे अनेक पिकं घेत जमीन राखण्याचंच शहाणपण, फरक कागदाचा.

२६ मे, सोलापूर
मोहोळजवळच्या मित्राच्या रानात गेलो. आमच्याकडे रब्बीची मालदांडी ज्वारी घ्यायची तर खरिपात रान मोकळं. मृगापासून कुळवाच्या पाळ्या घालत राहायचं, पडेल तो पाऊस काळ्या मातीत मुरवायचा आणि हस्ताच्या सुमारास पेरायचं. कोरडवाहू शेतीच्या संशोधन केंद्राला सोलापुरात नव्वदच्या वर वर्षं झाली, आणि या मोकळ्या रानाला 'टाकून दिलेलं' कोणी म्हटल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. सातबाऱ्यावर मित्राचं नाव आहे, एवढंच पुरतं. डोंगरातला विसावा मात्र ताबा सोडल्याचा पुरावा ठरतो.

२००६ च्या वनहक्क कायद्याने वनजमिनीवरच्या ताब्यासाठी १३ डिसेंबर २००५ ही मुदतीची तारीख ठरवली. त्या वेळी कसत असलेल्या तुकड्याचा दावा सोपा, विसावलेल्याचा अवघड. पण याच कायद्याच्या नियमांत, दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुरावा म्हणून चालतो. वाड्यांवर काम करणाऱ्या तरुणांनो, कोणता उतार कधी पेरला, कधी सोडला, हे म्हाताऱ्यांना विचारून आत्ताच लिहून घ्या. सह्या-अंगठेही घ्या.