आडनाव एक, घरे वेगळी

आमच्या गावात एकाच आडनावाची वीस घरे आहेत. म्हणून काही साऱ्यांची चूल एक नाही आणि बांधही एक नाही. औषधांच्या आणि सौंदर्यवस्तूंच्या दुकानांतही हल्ली असेच एक आडनाव वरचेवर ऐकू येते. ते म्हणजे ‘पेप्टाइड’.

आमच्या घरात ते दोन वाटांनी आले. माझ्या सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, साखरेचा आजार आहे. गोळ्यांनी भागेना म्हणून डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केले. तालुक्याला शिकणारी माझी लेक दिवाळीला आली, तिने तोंडाला लावायची निळसर क्रीम आणली. डबीवर लिहिले होते ‘कॉपर पेप्टाइड’. ती सहज बोलून गेली, “आजी, तुझं इन्सुलिनसुद्धा पेप्टाइडच असतं.”

रोज दोनदा सुई टोचून घेणाऱ्या माणसाला हे ऐकून काय वाटेल? आत्याबाई लगेच म्हणाल्या, “मग मलाही चोळायचंच आण की गं पोरी. सुई कशाला?”

हे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. सुईला कंटाळून इन्सुलिन सोडणारी माणसे गावोगाव आहेत. म्हणून लेकीला जवळ बसवले आणि आम्ही दोघींनी मिळून आत्याबाईंना समजेल असे सांगितले. तेच इथे लिहिते.

डाळीत, दुधात प्रथिने असतात. प्रथिने ज्या बारीक मण्यांची बनतात त्यांना अमिनो आम्ले म्हणतात. असे थोडे मणी एका दोऱ्यात ओवले की झाले पेप्टाइड. मणी कोणते, किती आणि कोणत्या क्रमाने ओवले, यावर त्याचा गुण ठरतो.

क्रीममधल्या पेप्टाइडात मणी फक्त तीन, आणि त्यांना धरून तांबे. लॉरेन पिकार्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाला ते १९७३ साली माणसाच्या रक्तात सापडले. डबीतली निळाई तांब्याची. बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद भिजवताना दिसते तसलीच. (मोरचूद मात्र चुकूनही तोंडाला लावू नये!) अशा क्रीमने बारीक सुरकुत्या थोड्या कमी झाल्याचे काही लहान पाहण्यांत दिसले आहे. पण तिचे काम कातडीपुरते. कातडीचा वरचा थर कुंपणासारखा असतो, तो फार थोडे आत जाऊ देतो.

इन्सुलिनचे मणी ५१. एक सर २१ मण्यांचा, दुसरा ३० मण्यांचा, आणि दोन्ही एकमेकांना बांधलेले. ते स्वादुपिंडात तयार होते, रक्तात उतरते आणि साखर आत घ्या असा निरोप शरीरभर पोचवते. एका ठिकाणी तयार होऊन दुसरीकडे हुकूम चालवणाऱ्या अशा रसाला संप्रेरक म्हणतात. जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातल्या टोरांटो शहरात १४ वर्षांच्या एका मरणपंथाला लागलेल्या मुलाला ते पहिल्यांदा टोचले. तो मुलगा पुढे १३ वर्षे जगला.

इन्सुलिन गिळले तर पोट ते डाळीसारखे पचवून टाकते. चोळले तर एवढा मोठा सर कातडीच्या कुंपणातून आत जात नाही. म्हणून सुई.

मणी जास्त म्हणून ताकद जास्त, असेही नाही बरं का. ऑक्सिटोसिन नऊच मण्यांचे. वासरू कासेला ढुसण्या देते तेव्हा हेच संप्रेरक गाईच्या मेंदूतून रक्तात उतरते आणि गाय पान्हा सोडते. बाळंतिणीचा रक्तस्राव आवरायला दवाखान्यात हेच देतात. संप्रेरक इवलेसे असले तरी सारे शरीर हलवते.

आता फरक पाहा. क्रीम आठ दिवस लावली नाही तर काही बिघडत नाही. इन्सुलिन चुकले तर साखर चढते. ज्यांच्या शरीरात ते मुळीच तयार होत नाही, त्यांचा जीव थोड्या दिवसांत धोक्यात येतो. जास्त झाले तर दरदरून घाम सुटतो, हातपाय कापतात. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल तर लगेच साखरपाणी द्यावे.

सगळे ऐकून आत्याबाई म्हणाल्या, “म्हणजे सुई सुटायची नाही.” मी म्हटले, “नाही.” त्या बराच वेळ गप्प राहिल्या. खोटा धीर मला देववला नाही. मात्र जागा रोज बदलून टोचले तर दुखणे कमी होते, गाठी धरत नाहीत, हे डॉक्टरांनी दाखवले आहे. तेवढे आम्ही नेमाने करतो.

ज्यांच्या घरी इन्सुलिन आहे त्यांनी एवढे जपावे. न फोडलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. गोठलेले इन्सुलिन वाया गेले समजावे. वीज फार वेळ जाते तिथे बाटली कोरड्या डबीत घालून पाण्याने भिजवलेल्या मातीच्या भांड्यात ठेवावी. बाटली ४० ची असेल तर सुईही ४० चीच हवी, १०० ची नको, नाहीतर माप चुकते. आणि तरुण दिसायला किंवा बारीक व्हायला पेप्टाइडचे इंजेक्शन घ्या, असे कोणी सांगत आले तर आधी डॉक्टरांची चिठ्ठी मागा. डबीवरचे आडनाव वाचून औषध ठरवू नये.